बटण दाबले, पण मजकूर आला नाही
संगणकावर स्वतः ठरवलेले शॉर्टकट बंद पडले तर काय तपासावे?



आपल्या बाजारात वहीवर पत्र लिहिणारे मुनीम आता फार थोडे उरले आहेत. भावाचे पत्र, ऑर्डरची कबुली, उधारीची आठवण ही सर्व कामे बहुतेक गाळ्यांत संगणकावर, वर्ड नावाच्या प्रोग्राममध्ये होतात. या पत्रांतील अर्धा मजकूर रोज तोच असतो. पैसे किती दिवसांत द्यायचे, तक्रार केव्हापर्यंत चालेल, बँकेचा खाते क्रमांक काय, ट्रान्सपोर्टचा खर्च कोणाचा. हा मजकूर एकदा साठवून एखाद्या बटणावर बांधून ठेवता येतो. बटण दाबले की पूर्ण परिच्छेद कागदावर येतो. यालाच शॉर्टकट म्हणतात.

ही सोय चांगली आहे, वेळ वाचवणारी आहे. परंतु एके दिवशी हेच बटण गप्प बसते. तेव्हा बहुतेक जण दोनच गोष्टी करतात. एक तर बटण जोरजोराने दाबतात, नाही तर दुरुस्तीवाल्याला फोन करतात. या दोन्हींची गरज बहुधा नसते. दोष कुठे आहे हे क्रमाने कसे शोधावे, ते या धड्यात पाहू.

माझे नुकसान कसे झाले

मी कोऱ्या कापडाचा व्यापार करतो. आमच्या प्रत्येक ऑर्डरच्या पत्रात दोन अटी असतात. पहिली, पैसे 30 दिवसांत द्यावेत. दुसरी, माल रंगाईला किंवा छपाईला देण्यापूर्वी तपासून घ्यावा, त्यानंतर तक्रार चालणार नाही. मालातील दोष लपवण्यासाठी ही दुसरी अट नाही. घेणाऱ्याने वेळेवर पाहावे आणि दोघांचे नुकसान टळावे, एवढाच तिचा हेतू आहे.

या दोन्ही अटी मी एका बटणावर बांधल्या होत्या. गाळ्यातील मुलाच्या हाताला ते बटण इतके सवयीचे झाले होते की तो दाबून पुढे जात असे, पडद्याकडे पाहतही नसे. मध्यंतरी वर्ड नीट उघडत नव्हते म्हणून एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने वर्ड चालू करून दिले आणि तो गेला. त्याच संध्याकाळी 22 ताक्यांच्या एका ऑर्डरचे पत्र गेले. मुलाने बटण दाबले, पण मजकूर आला नाही. त्याने पाहिले नाही, मीही न वाचता सही केली.

समोरच्या पार्टीने कापड रंगवले आणि मग पट्टे दिसतात म्हणून तक्रार केली. पैसेही तीन महिन्यांनी, तेही कापून दिले. मी अटींची गोष्ट काढली तेव्हा त्यांनी माझेच पत्र माझ्यासमोर ठेवले. त्यात एकही अट नव्हती. त्यांना मी काय बोलणार? त्यांच्या हातात माझ्याच सहीचा कागद होता.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, हे आपण सर्व जाणतो. ही कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत आहे. रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसह लिहिण्याचा आळस करू नये, हेही तिच्यात सांगितले आहे. मी लिहिण्याचे काम एका बटणावर सोपवले आणि ते बटण काम करते की नाही हे पाहिले नाही. चूक माझी होती.

बटणापासून कागदापर्यंतचा रस्ता

दोष शोधण्यापूर्वी रस्ता समजून घ्यावा. एखादा ताका लूमवरून निघून प्रोसेसला पोहोचला नाही, तर आपण काय करतो? लूमवाल्याला विचारतो, मग टेम्पोवाल्याला, मग गोदामाला. ज्याच्याकडे आल्याची नोंद आहे पण पुढे गेल्याची नाही, माल तिथेच अडकला आहे.

बटणाचेही असेच आहे. आपण बटण दाबतो, ते प्रथम कीबोर्डकडून विंडोजकडे जाते. विंडोज पाहते की हे बटण दुसऱ्या कोणी मागून ठेवले आहे का. मग कोणती भाषा चालू आहे ते पाहिले जाते. त्यानंतर बटण वर्डकडे येते. वर्ड आपल्या नोंदीत पाहते की या बटणावर कोणते काम बांधले आहे. शेवटी साठवलेला मजकूर उचलून कागदावर ठेवला जातो. यांपैकी कोणत्याही ठिकाणी माल अडकू शकतो.

बटण बांधण्याची योग्य पद्धत

निम्मे दोष बटण बांधतानाच राहून जातात, म्हणून पद्धत थोडक्यात देतो.

आधी मजकूर साठवावा. परिच्छेद निवडून आल्ट आणि एफ3 एकत्र दाबावे. चौकट उघडते. तिच्यात मजकुराला एक लहान नाव द्यावे, 'गॅलरी' या ओळीत 'ऑटोटेक्स्ट' निवडावे आणि 'सेव्ह इन' या ओळीत 'नॉर्मल' ठेवावे.

मग 'फाईल', 'ऑप्शन्स', 'कस्टमाइझ रिबन' असे जावे. खाली 'कीबोर्ड शॉर्टकट्स' या शब्दांजवळ 'कस्टमाइझ' बटण आहे. त्यातून जी चौकट उघडते, ती या धड्यातील सर्वांत महत्त्वाची जागा आहे. डावीकडच्या यादीत अगदी खाली 'बिल्डिंग ब्लॉक्स' आहे. तिथे आपल्या मजकुराचे नाव निवडावे. 'प्रेस न्यू शॉर्टकट की' या खिडकीत हवे ते बटण दाबावे आणि शेवटी 'असाइन' करावे. नुसते दाबून चौकट बंद केली तर काहीच बांधले जात नाही.

तपासणीचा क्रम

1. फाईलला कुलूप आहे का? ई-मेलने आलेली फाईल वर्ड पुष्कळदा फक्त वाचण्यासाठी उघडते. वर पिवळी पट्टी दिसते आणि तिच्यावर 'एनेबल एडिटिंग' लिहिलेले असते. ते दाबेपर्यंत कोणतेही बटण मजकूर आणू शकत नाही. फाईल ओळखीच्या माणसाकडून आली असेल तरच ते दाबावे.

2. बटण खरोखर दाबले जाते का? लूमजवळच्या ऑफिसात कीबोर्डमध्ये सुताची तूस बसते. नोटपॅड उघडून ते अक्षर टाइप करून पाहावे. कंट्रोल बटण दोन असतात, डावे आणि उजवे. दोन्हींनी कंट्रोल ए दाबून सर्व मजकूर निवडला जातो का ते पाहावे. लॅपटॉपवर एफ1 ते एफ12 ही बटणे पुष्कळदा आवाज किंवा उजेड कमीजास्त करतात. तेव्हा एफएन बटण सोबत दाबावे लागते. आणखी एक गोष्ट, उजवे शिफ्ट बटण आठ सेकंद दाबून धरले तर विंडोज 'फिल्टर कीज' चालू करायचे का असे विचारते. घाईत 'होय' म्हटले गेले तर हलके दाबलेले बटण विंडोज मोजतच नाही. हे सेटिंग्समध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' या भागात बंद करता येते. विंडोज 10 मध्ये त्याच भागाचे नाव 'ईज ऑफ ॲक्सेस' आहे.

3. वरचा आकडा की बाजूचा? कीबोर्डवर आकडे दोन ठिकाणी असतात. आपल्याला 1 तो 1 वाटतो, पण वर्डसाठी वरच्या ओळीतला 1 आणि बाजूच्या पॅडवरचा 1 ही दोन वेगळी बटणे आहेत. हिसाब करणाऱ्यांचा हात बाजूच्या पॅडवर असतो, म्हणून आपल्या लोकांत हा घोटाळा जास्त होतो.

4. दुसऱ्या प्रोग्रामने बटण घेतले आहे का? डेस्कटॉपवरील एखाद्या चित्रालाही विंडोजमध्ये कंट्रोल आणि आल्टसह बटण देता येते. असे दिले असेल तर विंडोज ते वर्डपर्यंत पोहोचू देत नाही, तो प्रोग्रामच उघडते. बटण दाबल्यावर भलतेच काही उघडत असेल, तर त्या चित्रावर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'शॉर्टकट की' ही ओळ पाहावी. स्क्रीनचा फोटो घेणारे आणि आवाज नोंदवणारे काही प्रोग्रामही अशी बटणे आपल्याकडे ठेवतात. ते एकेक बंद करून पाहावेत.

5. भाषा कोणती चालू आहे? या मुद्द्यावर मी थोडा थांबतो. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. काही जुन्या पार्ट्यांना मी उर्दूत लिहितो, इतरांना मराठीत, आणि बिल इंग्रजीत करतो. संगणकावर तिन्ही भाषा ठेवल्या आहेत, त्यामुळे या अडचणी मी रोज पाहिल्या आहेत.

पहिली अडचण भाषा बदलण्याची. विंडोजमध्ये डावे आल्ट आणि शिफ्ट दाबले की भाषा बदलते. काही संगणकांवर कंट्रोल आणि शिफ्ट दाबल्याने कीबोर्डचा नमुना बदलतो. आपण कंट्रोल, शिफ्ट आणि एक अक्षर असा शॉर्टकट बांधला, आणि अक्षर दाबायला उशीर झाला, तर मजकूर येत नाही, उलट भाषा बदलते. ही बदलाची बटणे सेटिंग्समधील 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्स' या भागात बंद करता येतात. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस ही बटणे आहेतच.

दुसरी अडचण अशी की अचानक मजकूर उजवीकडे जाऊन बसतो. उर्दू असलेल्या संगणकावर कंट्रोल आणि उजवे शिफ्ट दाबले की परिच्छेद उजवीकडून डावीकडे होतो. मुले घाबरतात, फाईल बिघडली असे समजतात. काही बिघडलेले नसते. कंट्रोल आणि डावे शिफ्ट दाबा, परिच्छेद जागेवर येतो.

तिसरी अडचण रुपयाच्या चिन्हाची. हे चिन्ह 2010 साली मंजूर झाले. भारतीय इंग्रजी कीबोर्डवर कंट्रोल, आल्ट आणि 4 दाबल्याने, किंवा उजवे आल्ट आणि 4 दाबल्याने, ₹ उमटते. कारण विंडोज अशा कीबोर्डवर उजव्या आल्टला कंट्रोल अधिक आल्ट असेच समजते. आता आपण त्याच बटणावर बँकेचा तपशील बांधला तर दोघांची टक्कर होणारच. म्हणून कंट्रोल, आल्ट आणि 4 यावर काहीही बांधू नये.

तपासण्याचा सोपा उपाय म्हणजे इंग्रजी भाषा चालू करून तेच बटण दाबावे. चालले तर दोष भाषेत आहे, वर्डमध्ये नाही.

6. वर्डच्या नोंदीत काय आहे? आता वर सांगितलेली चौकट पुन्हा उघडावी आणि खिडकीत आपले बटण दाबावे. खाली 'करंटली असाइन्ड टू' अशी ओळ येते. हे बटण सध्या कोणाच्या नावावर आहे, ते ती सांगते. तिथे आपल्या मजकुराचे नाव आले तर नोंद ठीक आहे. 'अनअसाइन्ड' आले तर बटण बांधलेलेच नाही. दुसरेच काही आले तर ते आधीच कोणाचे तरी आहे. उदाहरणार्थ कंट्रोल, आल्ट आणि 1 हे मोठ्या शीर्षकाचे, तसेच एफ हे अक्षर घेतले तर तळटीपेचे. 'असाइन' करताना वर्ड वेगळी ताकीद देत नाही, जुने काम काढून नवे बसवते. ही एक ओळ वाचली नाही म्हणून किती तरी बटणे आपल्याच हाताने मोडली जातात.

याच खिडकीत आणखी एक फसवणूक होते. वर्डमध्ये दोन टप्प्यांचे शॉर्टकट असतात. आधी एक जोडी दाबायची, ती सोडायची, मग दुसरे बटण दाबायचे. बांधताना आपण 'लागले की नाही' म्हणून तीच जोडी दोनदा दाबतो. वर्ड ती दोन टप्प्यांची समजून तशीच नोंदवते. मग रोजच्या कामात एकदा दाबले तर काहीच होत नाही. 'करंट कीज' या यादीत तेच नाव स्वल्पविराम देऊन दोनदा दिसले तर ते 'रिमूव्ह' करून नव्याने बांधावे.

हीच पद्धत समजून वापरली तर फायद्याची आहे. मी कंट्रोल, आल्ट आणि जे ही जोडी घेतली आहे. त्यानंतर 1 दाबले की पैशाची अट, 2 दाबले की बँक, 3 दाबले की ट्रान्सपोर्ट. एका दरवाजातून तीन खोल्या. मात्र त्या जोडीवर एकटीवर दुसरे काही बांधू नये.

7. नोंद कोणत्या वहीत झाली? हा शेवटचा मुद्दा, आणि माझे नुकसान याच ठिकाणी झाले. बटण बांधण्याच्या चौकटीत खाली 'सेव्ह चेंजेस इन' अशी ओळ आहे. तिथे 'नॉर्मल' असेल तर बटण सर्व पत्रांत चालते. तिथे उघड्या फाईलचे नाव असेल तर ते त्या एकाच फाईलमध्ये चालते. 'काल चालत होते, आज नव्या पत्रात चालत नाही' अशा तक्रारीचे कारण बहुधा हेच असते. शिवाय फाईलमध्ये किंवा तिच्या स्वतःच्या साच्यात तेच बटण वेगळ्या कामासाठी बांधले असेल, तर नॉर्मलपेक्षा तेच वरचढ ठरते.

नॉर्मल हा वर्डचा मूळ साचा आहे, एक फाईलच आहे. तिच्याविषयी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, ती साधारणपणे वर्ड बंद करताना साठवली जाते. बटण बांधल्यावर वर्ड चालू असतानाच वीज गेली तर बांधलेले बटणही गेले. म्हणून बटण बांधून झाले की वर्ड पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे. दुसरी, वर्ड बंद होताना नॉर्मलमधील बदल साठवायचे का असे विचारले, तर 'नाही' म्हणू नये. तिसरी, विंडोजमध्ये प्रत्येक वापरणाऱ्याच्या नावाची नॉर्मल फाईल वेगळी असते. मुलाने आपल्या नावाने संगणक उघडला तर तुमची बटणे त्याला मिळणार नाहीत. चौथी, वर्ड बिघडले की दुरुस्तीवाले नॉर्मल फाईल काढून टाकतात किंवा तिचे नाव बदलतात. वर्ड लगेच नवी, कोरी फाईल बनवते. वर्ड चालू होते, पण आपली बटणे आणि साठवलेला मजकूर नाहीसा होतो. आमच्या गाळ्यात हेच घडले होते. जुनी फाईल नाव बदलून त्याच जागी होती. वर्ड बंद करून नव्या फाईलच्या जागी ती ठेवली, तिला जुने नाव दिले आणि सर्व बटणे परत मिळाली. कापलेले पैसे मात्र परत मिळाले नाहीत.

लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांसाठी

लिब्रेऑफिस हा प्रोग्राम विनामूल्य मिळतो, म्हणून काही कारागीर बांधव तो वापरतात. त्यात 'टूल्स', 'कस्टमाइझ', 'कीबोर्ड' असे जावे. तिथे बटण कोणत्या कक्षेत बांधायचे हे विचारलेले असते, संपूर्ण 'लिब्रेऑफिस'मध्ये की फक्त 'रायटर'मध्ये. पत्रांसाठी 'रायटर' ठेवावे. यादीत फिकट दिसणारी बटणे बांधता येत नाहीत. याच चौकटीत 'सेव्ह' आहे. त्याने बटणांची सर्व नोंद वेगळ्या फाईलमध्ये ठेवता येते आणि 'लोड'ने परत आणता येते.

पुन्हा नुकसान होऊ नये म्हणून

पहिले काम, बटणांची यादी छापून घ्यावी. वर्डमध्ये 'प्रिंट'मध्ये जाऊन 'सेटिंग्स'खालील यादीत 'की असाइनमेंट्स' निवडावे. आपण बांधलेल्या बटणांचा कागद निघतो. तो संगणकाजवळ चिकटवावा. बटण गेल्याची शंका आली तर पुन्हा छापून दोन्ही कागद ताडून पाहावेत.

दुसरे काम, नॉर्मल फाईलची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवावी. ती आपल्या विंडोजच्या नावाच्या फोल्डरमध्ये 'ॲपडेटा', 'रोमिंग', 'मायक्रोसॉफ्ट', 'टेम्प्लेट्स' असे गेल्यावर सापडते. 'ॲपडेटा' हे फोल्डर लपवलेले असते, म्हणून लपवलेल्या फाईली दाखवण्याची सोय आधी चालू करावी. प्रत घेताना वर्ड बंद असावे. दुरुस्तीवाला आला तर काम सुरू करण्यापूर्वीच त्याला सांगावे, 'नॉर्मल फाईलची प्रत घेतल्याशिवाय हात लावू नका.'

तिसरे काम सर्वांत सोपे आहे आणि तेच आपण टाळतो. सही करण्यापूर्वी पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. आमच्याकडे आता नियम असा आहे की टाइप करणारा वाचतो आणि सही करणाराही वाचतो. बटण चालले तरी वाचतो, कारण भाव बदलतात, मुदती बदलतात, आणि बटणावर बांधलेला मजकूर जुनाच राहतो.

घरी करण्याचा सराव

(अ) आपल्या धंद्यातील एक अट साठवून तिला दोन टप्प्यांचे बटण द्या. वर्ड बंद करून उघडा आणि नव्या कोऱ्या पत्रात ते चालते का पाहा.

(आ) त्याच बटणासाठी 'करंटली असाइन्ड टू' ही ओळ वाचा आणि लिहून घ्या.

(इ) मराठी किंवा उर्दू भाषा चालू ठेवून तेच बटण दाबा. फरक पडतो का?

(ई) मागच्या महिन्यातील पाच पत्रे काढा. प्रत्येकात मुदतीची अट आहे का ते पाहा.

शेवटचा सराव संगणकाचा नाही, पण माझ्या मते चारांत तोच आधी करावा. एखाद्या पत्रात अट नसेल तर आजच त्या पार्टीला फोन करा, बोलणे करा आणि ठरलेले दोघांच्या संमतीने लिहून घ्या. वाद उभा राहण्यापूर्वी लिहिलेल्या कागदाने संबंध टिकतात. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि आपले व्यवहार साफ ठेवो. आमीन.